नातं काय लिहायचं

ता. ३ ऑगस्ट १९१२, शनिवार

अमीनमामाचा पाय मोडला. आजऱ्याहून इकडे येताना बैलगाडी चिखलात कलंडली आणि मामा खाली. मांडीचं हाड. हाडवैद्य म्हणतो, दिवाळीपर्यंत उठायचं नाव काढू नका.

निरोप आला तेव्हा अम्मा तांदूळ निवडत होती. निवडत म्हणजे बोटांनी चाचपत, दिसतंय कुठं तिला. "जीव वाचला ना?" एवढंच विचारलं. वाचला म्हटल्यावर सूप हलवायला लागली, आणि मग ते तसंच मांडीवर धरून बसून राहिली. मामाचा जीव वाचला, पण अम्माची हज गेली.

बाईमाणसाला एकटीनं मक्केला जाता येत नाही. मेहरम लागतो — ज्याच्याशी तिचं लग्न कधीच होऊ शकत नाही असा पुरुष. बाप, भाऊ, मुलगा, जावई. अब्बा नाहीत. मुलगे दोन झाले, एकही जगला नाही. भाऊ एकच, तो आजऱ्यात फळ्या बांधून पडलाय. माझा नवरा जाऊन चार वर्षं झाली, म्हणजे जावईही नाही. आणि मी मुलगी, मी चालत नाही! शाळेत चौथीच्या पोरी माझ्या नुसत्या खोकल्यानं गप्प होतात, पण बोटीवाल्यांच्या लेखी मी कुणीच नाही.

पुढच्या वर्षी जाऊ म्हणावं तर तेही नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय, डोळ्याची नस सुकत चाललीय, कापून उपयोग नाही. आज सावल्या दिसतात, वर्षानं त्याही दिसणार नाहीत. तिला काबा डोळ्यांनी बघायचाय. जायचं तर यंदाच.

ता. ६ ऑगस्ट, मंगळवार

हाजी फक्रुद्दीन येऊन गेले. अत्तरवाले. दोनदा जाऊन आलेत, यंदा कोल्हापूर-वडगावची माणसं घेऊन तेच निघणार. ओट्यावर बसले आणि नियम सांगायला लागले. मी ऐकून ऐकून गार पडले.

देवी टोचलेल्या असल्या पाहिजेत, त्याचा दाखला हवा. मुंबईला पास काढायचा. बोटीवर चढायच्या आधी डॉक्टर नाडी बघणार, डोळे बघणार, जीभ बघणार. कपडे वाफेच्या भट्टीत घालणार. गावात प्लेग निघाला तर त्या गावच्या माणसाला परत पाठवतील. पुढं कामरान नावाच्या बेटावर उतरवून पुन्हा तपासणी, कुणी आजारी निघालं की सगळी बोट अडकली. वर तिकडं तुर्कांची आणि इटलीची लढाई चाललीय, बोटी सुटतील की नाही तेही अल्लाला माहीत.

"एवढं सगळं मी बघून घेईन," म्हणाले. "पण मेहरमाशिवाय बाई मी नेणार नाही. हुसेनबी, राग मानू नका. वाटेत बरंवाईट झालं तर तुम्हाला मातीत उतरवणार कोण? परका पुरुष हात लावेल?"

धोंडुबाई चुलीपाशी बसून ऐकत होती. आमच्या गल्लीची सुईण. मी तिच्याच हातावर झाले, निम्मी गल्ली तिच्या हातावर झाली. ती तिथनंच ओरडली, "मी येती की सोबतीला! मला काय काम हाय हितं?"

हाजीसाहेब हसले. तुमच्या धर्माच्या माणसाला त्या गावात शिरता येत नाही, म्हणाले.

"असलं कसलं गाव म्हणायचं त्ये? पावण्याला येऊ देत न्हाईत?" धोंडुबाईला खरंच राग आला. घरी जाईपर्यंत पुटपुटत होती.

ता. ७ ऑगस्ट

अम्मा जेवली नाही. पोट जड आहे म्हणते. खोटं.

ता. १२ ऑगस्ट, सोमवार

आज लिहितेच. आत्तापर्यंत इथंही लिहायला लाजत होते.

निसार. दोन घरं सोडून राहतो. दरबारच्या पागेत जीन-लगाम शिवायचं काम करतो. आम्ही एकाच वर्षीचे. त्याची आई तो लहान असतानाच गेली, मग अर्धा आमच्याच अंगणात वाढला, अम्माला खाला, म्हणजे मावशी म्हणत. मी लग्न होऊन गेले, विधवा होऊन परत आले, तेव्हापासून मात्र अम्मा घरात नसली की उंबरा ओलांडत नाही. बाहेर उभा राहून हाक मारतो — "रशिदा, खाला हाय का?" नाही म्हटलं की आणलेलं काय असेल ते ओट्यावर ठेवतो आणि जातो. गेल्या उन्हाळ्यात त्यानं अम्माकडं माझ्यासाठी शब्द टाकला. अम्मानं हो म्हटलं. हज करून आले की निकाह, असं ठरलेलं.

आज तो आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "खाला, उलटं करूया की. आधी निकाह, मग हज. निकाह झाला की मी जावई. जावई मेहरम असतोय. मी नेतो तुमास्नी."

किती सोपं! मला का नाही सुचलं? अम्मा हसली. बऱ्याच दिवसांनी तिचे दात दिसले. मी आत पळाले आणि उगीच भांडी हलवत बसले. शुक्रवार, २० सप्टेंबरला निकाह. सोमवारी २३ ला मिरजेची गाडी, तिथनं पुढं मुंबई. मी इथं राहणार, नव्या नवरीनं नवरा आईबरोबर धाडून द्यायचा. असू दे. मला चालेल.

ता. २१ ऑगस्ट, बुधवार

रोजे सुरू आहेत. दोघांनी देवी टोचून घेतल्या. अम्माचा दंड सुजला, ताप भरला. मी घाबरून सारखी कपाळाला हात लावते. प्लेगची कुणी नुसती अफवा जरी उठवली तरी संपलं. परवा पलीकडच्या आळीत उंदीर मेला म्हणाले, तर मी शाळा सोडून बघायला गेले! मांजरानं मारलेला होता. जीव भांड्यात पडला.

निसारच्या रजेचा हुकूम अजून नाही. पागेचे कारभारी म्हणतात, दसऱ्याच्या स्वारीला घोडे नटवायचे, आणि तू कुठं निघालास? त्याला रोज विचारते. तो म्हणतो, "मिळंल की." मिळंल की! त्याला झोप कशी लागते कोण जाणे.

ता. २ सप्टेंबर, सोमवार

रजा मिळाली. दसऱ्याचं सगळं सामान आधी शिवून द्यायच्या बोलीवर.

आता एकच धास्ती, मुंबईचा डॉक्टर. आंधळी बाई म्हणून अम्माला परत धाडलं तर? आम्ही सराव करतोय. मी दारात डॉक्टर होऊन उभी राहते, बोटं दाखवते. तिला बोटं दिसत नाहीत, पण हात कुठं आहे ते कळतं. "दोन," म्हणते दरवेळी. मी चार दाखवली तरी दोन. आज मी चिडले तर म्हणाली, "डॉक्टर दोनच दाखवेल. पुरुषमाणसाला कुठं एवढा वेळ असतो." मी हसले आणि मग डोळ्याला पदर लावला. तिला तेही दिसलं नाही.

निसारनं माझ्यासाठी चामड्याची पिशवी शिवलीय. शाळेची पुस्तकं ठेवायला. निकाहच्या दिवशी देणार होता, पण राहवलं नाही, ओट्यावर ठेवून गेला. जीनाला घालतात तसली दुहेरी शिवण. घोड्यानं लाथ मारली तरी उसवायची नाही. तोंडाशी घेतली की कमावलेल्या कातड्याचा वास येतो.

ता. १३ सप्टेंबर, शुक्रवार

ईद. शीरखुर्मा छान झाला. निसारनं तीनदा मागून घेतला.

ता. १५ सप्टेंबर, रविवार

अक्षर नीट येत नाही.

काझीसाहेब आणि हाजी फक्रुद्दीन निकाहचं बोलायला आले. निसार होता. अम्मा पडद्याजवळ. गल्लीत गणपतीची गडबड, धोंडुबाई आमच्यासाठी मोदक घेऊन आली आणि नेहमीसारखी बसली. हाजीसाहेब म्हणाले, मुंबईला पास काढताना नातं विचारतात, निकाह झाला की जावई म्हणून लिहू, मेहरमाचा प्रश्न मिटला.

धोंडुबाईनं विचारलं, मेहरम मेहरम करताय त्ये असतंय तरी काय? काझीसाहेबांनी समजावून सांगितलं. बाप, भाऊ, मुलगा. आणि सहज म्हणून, जिचं दूध प्यायलं तिचा मुलगाही मुलगाच. दुधाचं नातं रक्तासारखंच.

धोंडुबाईनं मांडीवर थाप मारली. "मग ह्यो मुलगाच हाय की! एवढा घोळ कशाला घातलाय? निसारला हुसेनबीचंच दूध पाजलंय मी!"

ती आपली आनंदात. तिला वाटलं, तिनं आमचं काम केलं. सांगत सुटली — रशिदा झाली तवा हुसेनबी दोन दिस बेसुद. त्याच आठवड्यात हिकडं निसारच्या आईला बाळंतज्वर, छाती कोरडी. पोर रडून रडून काळंनिळं. हुसेनबीला पान्हा दाटून गाठी आलेल्या, आणि ही रशिदा नुसती झोपाळू. मग मी त्येला उचललं आणि लावलं. एका बाजूला ही, एका बाजूला त्यो. हुसेनबीला पत्ताच न्हवता.

"आजवर बोलली नाहीस?" अम्माचा आवाज कसातरीच आला.

"सांगायचं काय त्यात? भुकेलं पोर हुतं."

मग तिनं आमची तोंडं बघितली. निसारचं बघितलं. माझं बघितलं. मोदकाचं ताट हातात तसंच. "काय झालं गं?" म्हणाली. "माझं काय चुकलं?"

ता. १६ सप्टेंबर, सोमवार

काझीसाहेबांकडं निसार गेला होता. त्यांनी सांगितलं, शरियतीत एका बाईच्या साक्षीवर हे नातं शाबीत होत नाही. त्यातून ती आपल्या धर्माची नाही. मी निकाह लावू शकतो, मला कुणी अडवणार नाही. "पण शंका तुमच्या मनात राहील. ती काढायचा उपाय माझ्याकडं नाही."

निसार उंबऱ्याबाहेरून हे सांगत होता. "ऐकलंस न्हवं? लावतो म्हणालेत." चेहरा कसा उजळलेला. मी हो म्हटलं. खरंच हो म्हटलं. धोंडुबाईला काल काय खाल्लं ते आठवत नाही, तिला तेव्हाचं काय आठवणार?

पण तिला आठवतं. कुणाच्या पोराला कुठं तीळ आहे तेही आठवतं तिला.

ता. १७ सप्टेंबर, मंगळवार

अम्मा म्हणाली, "मी जात नाही. तुमचा निकाह होऊ दे, सुखानं रहा. माझी हज नशिबात नव्हती."

मी भडकले. का म्हणून? काझी लावतो म्हणतात, मग तो जावई झाला, मग तू जा की त्याच्याबरोबर!

"जावई म्हणून कशी जाऊ?" म्हणाली. "काल तो बोलत होता, तर मला सारखं वाटत होतं, ह्याला पुरेसं पाजलं असेल का गं धोंडुबाईनं?"

तिचे दोन मुलगे गेले. ती कधी त्यांचं नाव काढत नाही. आणि रविवारपासून ती निसारचा आवाज आला की मान वळवते, जशी माझ्यासाठी कधी वळवली नाही. हेवा वाटला मला! आईचा नाही, निसारचा. कसली मी माणूस.

तिनं आपलं कफन ट्रंकेत परत ठेवून दिलं. बरोबर न्यायला काढलेलं, मक्केच्या जमजम विहिरीच्या पाण्यात भिजवायला. घडी करताना दोनदा चुकली, मी मदत केली नाही.

ता. १८ सप्टेंबर, बुधवार

धोंडुबाई आली. डोळे सुजलेले. "पोरी, म्हातारीची जीभ सैल सुटली. दुसरं कुणाचं तरी पोर आसंल. तसं सांगती मी काझीला. शपथ घेती."

"कुणाचं होतं मग?" मी विचारलं.

खोटं बोलायला बसली आणि तिला एकही नाव सुचलं नाही. जगातली सगळ्यात वाईट खोटारडी. मी तिच्या गळ्यात पडून रडले. ती "आई अंबाबाई, आई अंबाबाई" म्हणत माझी पाठ चोळत राहिली.

ता. १९ सप्टेंबर, गुरुवार

उद्या निकाह.

अम्मा आज ओट्याच्या पायरीला अडखळली. रोजची पायरी. उठून पदर झटकला आणि म्हणाली, "उजेड कमी झालाय का गं?" दुपार होती. ऊन पडलं होतं.

संध्याकाळी निसार आला तेव्हा मीच बाहेर गेले. म्हटलं, उद्या काझींना बोलावू नकोस. सोमवारी तू हिला घेऊन जा.

"काय म्हणून नेऊ?"

"मुलगा म्हणून."

तो म्हणाला, "आणि तुझं काय? तुला भाऊ पायजे हुता व्हय? मागितला हुतास?"

नव्हता मागितला. तसं मी म्हटलंसुद्धा. म्हटलं, मला तू हवा होतास, अजून हवायस, पण शेजारच्या खोलीत आंधळी होत बसलेली आई ठेवून मला तुझ्याशी संसार जमणार नाही. तुझ्याकडं बघितलं की मला तेच दिसेल. आणि तिला तू हवायस. माझ्यापेक्षा जास्त.

"मी न्हाय जाणार," तो म्हणाला. "माझ्यानं हुणार न्हाय." आणि गेला. चालत नाही, जवळजवळ पळत.

ता. २० सप्टेंबर

आज निकाह होता. तिसऱ्या तासाला पोरींना नद्या शिकवल्या.

ता. २२ सप्टेंबर, रविवार

निसार कुठंच नाही. पागेत नाही, घरी कुलूप. कुणी म्हणतं पेठ वडगावला बाजारात दिसला. हाजी फक्रुद्दीन दोनदा येऊन गेले — "उद्या गाडी आहे बाई, नातं काय लिहायचं? माणूसच नाही तर लिहू काय?" मी म्हटलं, येईल. कशाच्या जोरावर म्हटलं कोण जाणे.

अम्माचं सामान बांधलं. ती नको नको म्हणतेय, मी बांधतेय. शिधा, लोटा, सतरंजी. कफन चामड्याच्या पिशवीत घातलं. पाण्यानं भिजायला नको, वाफेनं खराब व्हायला नको. माझ्या पुस्तकांना कापडाची पुरे.

आला नाही तर? आला नाही तर मी दोघांनाही घालवून बसले.

ता. २३ सप्टेंबर, सोमवार

स्टेशनात सगळे आले. वडगावची माणसं, त्यांच्या बायका, रडारड, हार. अम्मा बाकावर, मांडीवर पिशवी. धोंडुबाई आमच्याबरोबर. गाडी लागली. हाजीसाहेबांनी माझ्याकडं बघून मान हलवली. मी अम्माला उठवायला वाकले, घरी न्यायला.

तेवढ्यात निसार आला. कपडे धुळीनं भरलेले, दाढी वाढलेली. माझ्याकडं बघितलं नाही. सरळ अम्मासमोर गेला आणि हात पुढं केला.

"चल, अम्मा. पायरी उंच हाय."

आजवर खाला म्हणायचा.

अम्मानं त्याचा हात पकडला. मग दंड चाचपला, खांदा, तोंड. सगळं चाचपलं. गाडीत चढताना त्यानं पिशवी घेतली आणि शिवण ओळखली. थांबला क्षणभर. मग खांद्याला लावली.

हाजीसाहेबांनी विचारलं, "मुलगा?" तो म्हणाला, "व्हय."

गाडी गेल्यावर धोंडुबाई मला घरापर्यंत हाताला धरून घेऊन आली, जशी काही मीच आंधळी.

ता. २ ऑक्टोबर, बुधवार

मुंबईहून कार्ड. बोट सुटली. डॉक्टरनं बोटं दाखवलीच नाहीत, नाडी बघितली आणि "जा" म्हणाला! अम्मा मात्र न विचारताच "दोन" म्हणाली म्हणे. मी एकटीच मोठ्यांदा हसले.

खाली "निसार" एवढीच सही. उत्तर पाठवायला पत्ता नाही, ते एक बरं. काय लिहिलं असतं वर? भाई लिहायला हात उठत नाही.

ता. २० ऑक्टोबर, रविवार

दसरा. स्वारी बघायला गेले नाही. मग गेलेच. घोड्यांच्या अंगावर सगळं नवं सामान होतं. शिवण बघत उभी राहिले, हत्ती कधी गेले कळलं नाही.

ता. २० नोव्हेंबर, बुधवार

बकरी ईद. हज झाली असणार. झालीच असणार.

कामरानला बोट अडवली नसेल ना? पाणी पुरलं असेल ना? धोंडुबाई रोज संध्याकाळी येऊन विचारते, "पोचली आसंल का गं?" आणि मी रोज पोचली म्हणते.

ता. २२ डिसेंबर, रविवार

वडगावचे शेखचाचा पहिल्या बोटीनं परत आले. मुद्दाम वाट वाकडी करून सांगायला आले. अम्मा ठीक आहे! काब्यासमोर त्यांनी पाहिलं तिला. निसारनं तिला गर्दीतून खांद्यावर उचलून पुढं नेलं. "दिसतोय का?" असं तो ओरडून विचारत होता आणि ही म्हणत होती, "दिसतोय, काळा, मोठा, दिसतोय." मग लोकांनीच वाट करून दिली. कुणीतरी म्हणालं, मुलगा असावा तर असा.

मागच्या बोटीनं येतील म्हणाले. घर सारवायला काढते उद्यापासून. धोंडुबाईला सांगितलं तर ती नाचायचीच बाकी होती.

ता. ११ जानेवारी १९१३, शनिवार

शाळेतून येऊन चूल पेटवत होते. घरात मी एकटीच. बाहेर चपला काढल्याचा आवाज झाला. हाक आली नाही.

निसारभाई उंबरा ओलांडून सरळ आत आला आणि चुलीपाशी माझ्याशेजारी बसला. पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. हलकी लागली. उघडून बघितली, रिकामी होती.

"मीच मातीत उतरवलं," म्हणाला. "दुसऱ्या कुणाला हात लावू दिला न्हाय."